गोगँ, पिसारो आणि रविवारची चित्रकला

पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावरच्या चित्रांमुळे फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ जगाला ठाऊक झाला. त्याआधी दहा-अकरा वर्षं तो पॅरिसच्या शेअर बाजारात नोकरी करत होता आणि चित्रं काढायची ती सुटीच्या दिवशी. ही नोकरी 1872 च्या सुमारास त्याला पालक गुस्ताव अरोसा यांनी लावून दिली. अरोसांना चित्रं जमवायचा नाद होता. त्यांच्या संग्रहात चित्रकार कामीय पिसारोचीही चित्रं होती, आणि त्यांच्याच ओळखीतून गोगँ पिसारोपर्यंत पोचला.

पिसारो त्याच्यापेक्षा 18 वर्षांनी मोठा. प्रकाशाचे क्षणिक परिणाम मोकळ्या फटकाऱ्यांत टिपणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची 1874 ते 1886 दरम्यान आठ प्रदर्शनं झाली, त्या आठही प्रदर्शनांत चित्रं लावणारा तो एकटाच. घरात मात्र कायमची ओढाताण. इकडे गोगँच्या हाती बाजारातला पैसा खुळखुळत होता. तो पिसारोची चित्रं विकत घ्यायचा आणि सुटीत पॅरिसजवळच्या पाँत्वाज गावी, पिसारोकडे जाऊन त्याच्या शेजारी बसून रंगवायचा. शिष्यच गुरूचा गिऱ्हाईक! या मैत्रीतला सगळा गुंता मला इथेच दिसतो. 1879 च्या प्रदर्शनात पिसारो आणि चित्रकार देगा यांच्या आग्रहामुळे गोगँला ऐनवेळी जागा मिळाली. त्याने एक शिल्प ठेवलं, शिवाय आपल्या संग्रहातली पिसारोची चित्रंही प्रदर्शनाला दिली.

त्या काळातला एक कागद पॅरिसमध्ये जपून ठेवलेला आहे. त्यावर पिसारोने गोगँचा चेहरा काढलाय आणि गोगँने पिसारोचा. गुरु-शिष्यांनी एकमेकांना असं समोर बसवून काढणं, तेही एकाच कागदावर, तसं विरळाच.

पाँत्वाजला चित्रकार सेझानही यायचा. 1881 मध्ये गोगँने पिसारोला गमतीने लिहिलं, की सेझानला चित्रकलेचं गुपित सापडलं असेल तर त्याला एखादं होमिओपथीचं औषध देऊन झोपेत बोलतं करा आणि ते मला कळवा. सेझानला असल्या थट्टेचं हसू आलं नाही. आपली कला गोगँने पळवली, असं तो पुढे म्हणत राहिला.

1882 च्या जानेवारीत युनियन जनराल बँक बुडाली, बाजार कोसळला. पुढच्या वर्षी गोगँने पूर्णवेळ चित्रकार व्हायचं ठरवलं. डॅनिश बायको मेट आणि पाच मुलं पदरात होती. पिसारो तेव्हा रूआँ शहरात काम करत होता. तिथले लोक श्रीमंत, चित्रं सहज घेतील, असा हिशेब मांडून गोगँही तिकडे निघाला. पिसारोने मुलाला, ल्युसिआँला, कळवलं, की हा माणूस फार व्यापारी वृत्तीचा आहे. मला हे जरा कडवट वाटतं. त्याच व्यापाऱ्याच्या पैशाने पिसारोची चित्रं विकली गेली होती.

पुढे पिसारो जॉर्ज सरा या चित्रकारासारखे रंगाचे छोटे ठिपके देऊन चित्रं रंगवू लागला, त्याची गोगँने टर उडवली. 1893 मध्ये ताहितीची चित्रं पाहून पिसारो म्हणाला, हा कायम दुसऱ्याच्या रानात शिकार करतो.

गोगँने मात्र 1902 मध्ये एका टिपणात लिहिलं, की पिसारो माझ्या गुरूंपैकी एक, ते मी नाकारत नाही. 'मर्क्यूर द फ्रान्स' या नियतकालिकाने ते टिपण छापलं नाही. 1903 च्या मे महिन्यात गोगँ गेला, नोव्हेंबरात पिसारो.