आसडी, मेंढ्यांतील (सोलापूर परिसर)

जिवंत मेंढीच्या जखमेत, ओल्या लोकरीत किंवा शरीराच्या नैसर्गिक द्वारांपाशी माशीने अंडी घातल्यावर त्यांतून निघालेल्या अळ्या मेंढीच्या ऊतकांवर वाढतात, त्या विकाराला आसडी पडणे म्हणतात. मेंढपाळांच्या बोलण्यात ‘किडे पडले’, ‘अळ्या पडल्या’ किंवा नुसते ‘जखम किडली’ एवढेच असते. मेंढीच्या नाकात व कपाळाच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या अळ्या (ईस्ट्रस ओव्हिस) हा वेगळा विकार असून त्याचा येथे विचार केलेला नाही.

या विषयावरील बहुतेक पाश्चात्त्य लेखन ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका व ब्रिटन येथील अनुभवांवर उभे आहे. तिथे माशी धडधाकट मेंढीच्या घामाने, मूत्राने वा पातळ लेंड्यांनी भिजलेल्या दाट लोकरीत अंडी घालते. जखम असावीच लागते असे नाही. सोलापूर जिल्ह्यात आणि एकंदर दख्खनच्या पठारावर आढळणारी आसडी मुख्यतः जखमेची आहे. मराठीतील काही माहितीपुस्तिकांत हा फरक न करता परदेशी शिफारशी जशाच्या तशा उतरवलेल्या दिसतात. शेपूट छाटण्याचा सल्ला हे त्याचे ठळक उदाहरण आहे. दख्खनी मेंढीची शेपटी मुळातच आखूड व बारीक असते, त्यामुळे हा सल्ला येथे निरर्थक आहे. उलट छाटल्याने माशीला एक आयती जखम मिळते.

माशीची ओळख : भारतात जनावरांच्या जखमेत आसडी पाडणारी प्रमुख माशी कोणती, याबद्दल विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बराच गोंधळ होता. जखमेतून काढलेल्या अळ्या बाटलीत वाढवल्या की त्यांतून अनेकदा दोन-तीन जातींच्या माश्या निघत, आणि संग्राहक त्यांतील सर्वांत परिचित नाव नोंदवून मोकळा होई. कुजक्या मांसावर व विष्ठेवर सर्वत्र दिसणारी क्रायसोमिया मेगासेफाला हीच दोषी, असा समज त्यामुळे रूढ होता. व्हिलनव्ह यांनी 1914 मध्ये क्रायसोमिया बेझियाना या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. जातीचे नाव इटालियन कीटकशास्त्रज्ञ मारिओ बेझी यांच्यावरून आहे. भारतीय वैद्यकीय सेवेतील डब्ल्यू. एस. पॅटन यांनी 1920 पासून प्रसिद्ध केलेल्या भारतीय निळ्या माश्यांवरील टिपणांत माणूस व जनावर या दोहोंच्या जखमांतील नेहमीची जाती हीच असल्याचे मांडले, आणि आज तेच मत सर्वमान्य आहे. अमेरिकेतही असाच घोळ होता. तेथील जिवंत मांसावर वाढणारी जाती आणि मृत मांसावरची तिची बहीण यांतील भेद कुशिंग व पॅटन यांनी 1933 मध्ये स्पष्ट केला. त्या अमेरिकी जातीला (कॉक्लिओमिया होमिनिव्होरॅक्स) नव्या जगातील व बेझियानाला जुन्या जगातील ‘स्क्रूवर्म’ म्हणतात. अळीच्या अंगावर काट्यांची आडवी वलये असतात व त्यामुळे ती स्क्रूसारखी दिसते, यावरून हे नाव पडले.

बेझियानाच्या आफ्रिकी आणि आशियाई अशा दोन वंशशाखा सूत्रकणिकांतील (मायटोकॉन्ड्रियांतील) डीएनएच्या अभ्यासांतून पुढे आल्या आहेत. दोन्हींचे वर्तन सारखेच आहे, त्यामुळे मेंढपाळाच्या दृष्टीने या भेदाला आज फारसे महत्त्व नाही.

दुसरा वाद ल्युसिलिया क्युप्रिना या तांबूस-हिरव्या माशीचा आहे. ऑस्ट्रेलियातील मेंढ्यांचे सर्वाधिक नुकसान हीच माशी करते. भारतात ती सर्वत्र असूनही प्रामुख्याने खाटीकखान्यांत व मेलेल्या जनावरांवर दिसते. एकाच जातीचे वर्तन दोन देशांत इतके वेगळे का, याची दोन उत्तरे दिली जातात. काही वर्गीकरणकार तिच्या दोन उपजाती मानतात व मेंढ्यांवर हल्ला करणारी उपजाती (डॉर्सालिस) आफ्रिका व ऑस्ट्रेलियातील असल्याचे सांगतात. मात्र दोन्हींचा संकर होतो आणि मधली लक्षणे असलेल्या माश्याही सापडतात, त्यामुळे ही विभागणी सर्वांना मान्य नाही. दुसरे उत्तर माशीपेक्षा मेंढीकडे बोट दाखवते : ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढीची कातडी सुरकुतलेली, लोकर दाट व स्निग्ध असते, भिजली की दिवसचे दिवस आतून ओली राहते. दख्खनीची लोकर भरड, केसाळ व विरळ असल्याने उन्हाची एक तिरीप आली की वाळते. सोलापूरपुरते तरी दुसरे उत्तर अधिक पटणारे आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनीचा मेरिनो व रॅम्बुले नरांशी संकर करून पाहिला गेला. असे दाट लोकरीचे संकरित कळप पठारावर पसरले असते, तर हा प्रश्न येथेही वेगळ्या रूपात उभा राहिला असता, असा तर्क करता येतो.

जीवनक्रम : बेझियानाची मादी निळसर-हिरव्या धातूसारख्या चकाकीची, सुमारे एक सेंटिमीटर लांब असते. ती ताज्या जखमेच्या कोरड्या कडेवर, बहुधा दिवस कलताना, साधारण 100 ते 250 अंडी एकाच पांढऱ्या थरात चिकटवते. अंडी 12 ते 24 तासांत उबतात. अळ्या डोके आत आणि श्वसनछिद्रांचे टोक बाहेर ठेवून मांसात शिरतात, दोनदा कात टाकतात आणि पाच-सात दिवसांत पूर्ण वाढून जमिनीवर पडतात. मातीच्या वरच्या थरात कोष होतो. उबदार हवेत आठवड्याभरात माशी बाहेर येते, थंडीत हा काळ बराच लांबतो. किडलेल्या जखमेचा वास आणखी माद्यांना खेचतो. म्हणून एकाच जखमेत लहानमोठ्या अळ्या सापडतात, आणि एकदाच साफ करून भागत नाही ते यामुळेच. मागाहून मेगासेफाला, तिच्याच प्रजातीतील क्रायसोमिया रुफिफेसीस व मांसमाश्याही येतात. रुफिफेसीसच्या केसाळ दिसणाऱ्या अळ्या इतर अळ्यांना खातात. त्यांची गर्दी जखम जुनी झाल्याची खूण समजावी.

बेझियानाच्या अळ्या फक्त जिवंत प्राण्यावरच वाढतात. त्यामुळे उकिरडा उचलणे, मेलेले जनावर पुरणे ही कामे इतर माश्यांसाठी योग्य असली तरी या माशीचा आधार तुटतो तो जखमी जनावरे बरी केल्याने. मेंढीबरोबरच गाय, म्हैस आणि विशेषतः कुत्रा हे तिचे नेहमीचे यजमान आहेत. वाड्याच्या (कळपाच्या तळाच्या) राखणीचे कुत्रे लांडग्याशी झुंजून जखमी झाले आणि त्याच्या मानेची जखम दुर्लक्षित राहिली, तर कळपाला पुरेल इतकी पैदास त्याच्यावर होऊ शकते. माणसालाही हा विकार होतो. भारतीय वैद्यकीय नोंदींत पीनस (नाकातून दुर्गंधी येणारा जुनाट विकार) झालेल्या रुग्णांच्या नाकातील अळ्यांची वर्णने अनेक आहेत.

सोलापूर परिसर : जिल्ह्यात सरासरी 550 मिमी.च्या आसपास पाऊस पडतो व त्याचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये असतो. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस, करमाळा या कोरड्या तालुक्यांत धनगर समाजाची मेंढपाळी जुनी आहे. दख्खनी मेंढीच्या लोणंद, संगमनेरी, कोल्हापुरी, माडग्याळ या प्रकारांबरोबर सोलापुरी किंवा सांगोला असा एक प्रकार गणला जातो. सांगोला तालुक्यातील महूद येथे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे.

कळप दिवाळीनंतर चाऱ्यासाठी बाहेर पडतात आणि मृगाच्या सुमारास परततात. पर्जन्यछायेतला हा मुलूख पावसाळ्यात मेंढरांना मानवतो. बाहेर असताना वाडा दोन-चार दिवसांनी हलतो. जमिनीवर पडलेल्या अळीतून माशी निघेपर्यंत कळप पुढच्या गावी, दुसऱ्याच शेतात बसलेला असतो. पावसाळ्यात मात्र मुक्काम एका जागी, वाघरीच्या (कळपाभोवती लावलेल्या जाळीच्या) आत जमीन ओली आणि हवा दमट. माशीला याहून सोयीचे काही नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात माशी कमी होते, आणि परतीच्या पावसानंतर पुन्हा डोके वर काढते. हाच हंगाम कुसळी गवत पिकण्याचाही आहे. कुसळ लोकरीत अडकते, पीळ घेत कातडीत रुतते आणि बाहेरून न दिसणारी बारीक जखम करते. बाभूळ व वेड्या बाभळीचे काटे, एडक्यांच्या टकरींत शिंगाच्या बुडाला झालेली इजा, कातरणीत लागलेली कातर, कानात बिल्ला मारलेले भोक, कोकराची ओली नाळ, व्यालेल्या मेंढीचा फाटलेला मायांग आणि चिखलाने कुजलेले खूर ही बाकीची ठिकाणे.

लक्षणे : मेंढी कळपामागे राहते, पाय आपटते, मान वळवून एकाच जागी चावते, चरत नाही. लोकर ओली व काळपट दिसते. बोटांनी फाकवली की उग्र कुजका वास आणि रक्तमिश्रित पाणी येते. काळ्या लोकरीवर हा ओलावा लांबून दिसत नाही. म्हणून संध्याकाळी कळप वाघरीत घेताना नाकाने ओळखणारा मेंढका डोळ्याने पाहणाऱ्याच्या एक दिवस पुढे असतो. खुरातील अळ्यांनी मेंढी गुडघे टेकून चरते. मायांगातील किंवा कोकराच्या नाळेतील प्रकरणे लवकर गंभीर होतात.

उपचार : सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात माश्यांनी व्रणात कृमी टाकल्यास करावयाचे उपाय आहेत : सुरसादी गणातील (तुळस इत्यादी) वनस्पतींच्या काढ्याने धुणे, सप्तपर्ण, करंज, रुई, कडुनिंब यांच्या साली गोमूत्रात वाटून लेप देणे, किंवा व्रणावर मांसाचा तुकडा झाकून कृमी वर ओढून घेणे. संहितेचा काळ विवाद्य आहे. उपलब्ध पाठ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत स्थिर झाला असावा, असे सामान्यतः धरले जाते. शेवटचा उपाय नीट पाहण्यासारखा आहे. अळीचे श्वसनाचे टोक बाहेर असते, ते झाकले की ती श्वासासाठी वर येते. संहिताकारांनी हे निरीक्षणातून टिपले असावे.

पठारावरील घरगुती उपायांत सीताफळाच्या पाल्याचा रस व बियांची पूड, करंज तेल, कडुनिंब, हळद, कापूर, तंबाखू व चुना यांचा वापर आढळतो. सीताफळाच्या बियांतील अ‍ॅसिटोजेनिन द्रव्ये कीटकनाशक आहेत, तेव्हा हा उपाय निराधार नाही; पण तीच पूड डोळ्यात गेल्यास तीव्र दाह होतो. फिनाईल ओतण्याची सवय मात्र मोडण्यासारखी आहे : अळ्या मरतात आणि त्यांच्याबरोबर भरून येणारे मांसही जळते. एकेकाळी सर्रास वापरली जाणारी बीएचसी (बेंझीन हेक्साक्लोराइड) ही कीटकनाशक पावडर 1997 पासून भारतात बंद आहे.

पशुवैद्यकाचा क्रम असा. जखमेभोवतीची लोकर चार बोटे रुंद कातरून टाकतात. टर्पेंटाइनचा बोळा जखमेच्या तोंडाशी थोडा वेळ धरला की अळ्या वर येतात. बोळा आत कोंबून ठेवला तर जखम भाजते, आणि डोळा, नाक, मायांग येथे तो वापरूच नये. अळ्या चिमट्याने एकेक काढून रॉकेलात किंवा उकळत्या पाण्यात टाकाव्या लागतात. त्या मातीत फेकणे म्हणजे आठवड्याभराने माशी परत बोलावणे होय. वाढलेली अळी जमिनीवर पडताच स्वतःला पुरून घेते. मग जखम पोटॅशियम परमँगनेटच्या 1:1000 द्रावणाने धुऊन पोव्हिडोन आयोडीन व माशी न बसू देणारे मलम लावतात. खोल जखमेत आयव्हरमेक्टिन कातडीखाली टोचतात. मात्रा किलोमागे 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे एक टक्का द्रावणाचे 50 किलोस 1 मिलि. दख्खनी मेंढी साधारण 28-30 किलोची, म्हणून तिला सुमारे 0.6 मिलि. पुरते. हे औषध कोवळ्या अळ्यांवर चांगले चालते. तिसऱ्या अवस्थेतील जाड अळ्या हातानेच काढाव्या लागतात. टोचलेली मेंढी औषधाच्या बाटलीवरील मुदत संपेपर्यंत खाटकाला विकू नये. जंतुसंसर्ग, ताप व वेदना यांवरील उपचार पशुवैद्यकाने ठरवायचे असतात. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी जखम पुन्हा उघडून पाहणे हा उपचाराचाच भाग आहे. आदल्या संध्याकाळची अंडी तोवर उबलेली असतात.

प्रतिबंध : ऑस्ट्रेलियात 1930 च्या सुमारास जे. एच. डब्ल्यू. म्यूल्स यांच्या नावाने शेपटीखालची सुरकुतलेली कातडी कापून टाकण्याची पद्धत रूढ झाली. क्रौर्याच्या आक्षेपामुळे न्यूझीलंडने ती 2018 मध्ये बंद केली. ऑस्ट्रेलियातील माश्या डिएल्ड्रिन व पुढे डायझिनॉन या कीटकनाशकांना एकामागून एक प्रतिरोधक होत गेल्या. नर माश्या किरणोत्साराने वंध्य करून सोडण्याचे तंत्र अमेरिकी स्क्रूवर्मवर 1954 मध्ये क्युरासाओ बेटावर व पुढे लिबियात यशस्वी ठरले. बेझियानासाठी त्याचे प्रयोग पापुआ न्यू गिनीत झाले.

सोलापूरच्या मेंढपाळाच्या हाती आहे ते जखम न होऊ देणे आणि झालेली जखम त्याच दिवशी झाकणे. लोकर कातरण्याआधी मेंढ्या ओढ्यात धुण्याची रीत आहेच; कातरणी झडीच्या दिवसांत न करता उघडीप पाहून केली आणि प्रत्येक कातरखुणेवर लगेच आयोडीन लावले, तर हंगामातील मोठा धोका टळतो. बिल्ले मारणे व खच्चीकरण कोरड्या दिवसांत उरकावे. कोकराची नाळ आयोडीनमध्ये बुडवावी. डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनच्या द्रावणात मेंढ्या बुडवल्याने गोचीड जातात व माशीही काही दिवस दूर राहते. पण उघड्या जखमेची मेंढी त्या टाकीत उतरवू नये. पावसाळ्यात वाघरीची जागा आठवड्याच्या आत बदलावी. आणि राखणीच्या कुत्र्यांच्या अंगावरून रोज हात फिरवावा.

(पहा : गोचीड, दख्खनी मेंढी, मेंढपाळी.)