विमान डावीकडे कलते, पण केव्हा?

किटमधून घरी जोडलेले रेडिओ-नियंत्रित विमान पहिल्याच उड्डाणात एका बाजूला कलू लागले, की बहुतेक जण ट्रान्समीटरवरचे ट्रिमचे, म्हणजे पंख-शेपटीवरच्या हलत्या पट्ट्यांची मूळ स्थिती किंचित बदलणारे, बटण दाबून ते सरळ करतात आणि प्रश्न मिटला असे समजतात. ट्रिममुळे लक्षण झाकले जाते. कारण तसेच राहते आणि नेमके उतरण्याच्या वेळी पुन्हा डोके वर काढते. ते कारण शोधताना विमान कोणत्या बाजूला कलते याच्यापेक्षा केव्हा कलते, ही नोंद अधिक कामाची ठरते.

उदाहरणासाठी नवशिक्यांचे नेहमीचे विमान घेऊ. बाल्सा लाकडाचा सांगाडा, त्यावर इस्त्रीने तापवून ताणलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म, दीड मीटर लांबीचा आणि 25 सेंटीमीटर रुंदीचा आयताकृती पंख आणि बॅटरीसह दीड किलो वजन. हे विमान डावीकडे कलत असेल, तर ते पुरेशा उंचीवर नेऊन मोटर बंद करावी आणि तरंगत येऊ द्यावे. मोटर बंद होताच कल नाहीसा झाला, तर दोष पंखात नसून मोटरच्या बसवणीत आहे. मागून पाहिल्यास प्रोपेलर सहसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान डावीकडे कलू पाहते. शिवाय त्याने मागे फेकलेली हवा धडाभोवती मळसूत्रासारखी फिरत जाऊन शेपटीच्या उभ्या पडद्यावर डावीकडून आदळते, त्यामुळे नाकही डावीकडे ओढले जाते. म्हणूनच मोटर दोन-तीन अंश उजवीकडे तोंड करून बसवतात. हा कोन कमी पडला असेल, तर तिच्या डाव्या बाजूच्या स्क्रूंखाली पातळ वॉशर घालून तो वाढवता येतो.

मोटर बंद करूनही कल राहिला, तर संशयित दोनच उरतात: पंखाला पडलेला पीळ किंवा डाव्या पंखाचे जास्तीचे वजन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण वेग बदलला की वेगळे ओळखू येतात. पिळामुळे निर्माण होणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि त्याला विरोध करणाऱ्या एलेरॉनचा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्यांचा, जोरही त्याच नियमाने वाढतो. त्यामुळे पीळ असेल तर एकदा लावलेले ट्रिम सगळ्या वेगांना लागू पडते. वजन मात्र वेग पाहून बदलत नाही. मधल्या वेगाला ट्रिम लावून सरळ केलेले विमान वेग घटल्यावर डावीकडे आणि वाढल्यावर उजवीकडे जात असेल, तर डावा पंख जड आहे असे समजावे. हे काही दुर्मीळ नाही, कारण बाल्साच्या एकाच जाडीच्या दोन पट्ट्यांच्या वजनात दुपटीचाही फरक सापडतो. उजव्या टोकाला थोडे वजन चिकटवले की काम होते. पीळ काढण्यासाठी पंख उलट दिशेने मुरगळून धरावा लागतो आणि त्याच वेळी फिल्म तापवावी लागते. हे दोन हातांचे काम नव्हे, घरातल्या कुणाला तरी बोलवावेच लागते.

पुढे-मागे तोल राखण्याचे गणित याहून कडक आहे. अशा विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण 6 ते 8 सेंटीमीटरवर असावा लागतो. शेपटीच्या जोडणीत सढळ हाताने इपॉक्सी गोंद ओतून 20 ग्रॅम वजन वाढले आणि शेपूट गुरुत्वमध्यापासून 70 सेंटीमीटर मागे असली, तर दीड किलोच्या विमानाचा तोल जवळपास 1 सेंटीमीटर मागे सरकतो. नाकात शिसे भरून तो सावरायचा, तर सुमारे 50 ग्रॅम भर पडते. त्यापेक्षा 200 ग्रॅमची बॅटरी 7 सेंटीमीटर पुढे सरकवली, तर वजन न वाढवता तेवढाच परिणाम साधतो. म्हणून बॅटरीची जागा अगदी शेवटी ठरवावी, असे माझे मत आहे. तोल मागे गेलेले विमान स्टिकच्या हलक्या स्पर्शानेही नाक उडवते; पुढे गेलेले विमान आळसावते, पण निदान हाती तरी लागते.

विजेच्या दोषांनाही हाच प्रश्न विचारता येतो. सगळे सर्व्हो, म्हणजे हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरी, एकदम हलवले तरच नियंत्रण क्षणभर जात असेल, तर रिसीव्हरला, म्हणजे विमानातल्या संदेश झेलणाऱ्या यंत्राला, मिळणारा 5 व्होल्टचा पुरवठा अपुरा पडत आहे; प्रोपेलर काढून ठेवून टेबलावरच हे तपासता येते. विमान दूर गेल्यावर आणि विशिष्ट वळणातच अडखळत असेल, तर अँटेना पाहावी. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 12.5 सेंटीमीटर असते आणि अँटेनाचे काम करणारे टोक जेमतेम 3 सेंटीमीटरचे. ते बॅटरीच्या किंवा कार्बनच्या दांडीच्या आड गेले, की संदेश पोहोचत नाही. दोन अँटेना असल्यास त्या एकमेकींशी काटकोनात बसवतात, म्हणजे वळणात एक आड आली तरी दुसरी मोकळी राहते. उड्डाणानंतर काही मिनिटांनी फक्त मोटर थांबते आणि सर्व्हो चालू राहतात, हा तर बहुधा दोषच नसतो: लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या सेलचा दाब 4.2 व्होल्टवरून 3 व्होल्टच्या आसपास उतरला, की वेगनियंत्रक मोटर तोडतो आणि उरलेली वीज विमान उतरवण्यासाठी राखून ठेवतो.