नागपूरचा डॉक्टर चीनला का गेला?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तिथे डॉक्टरकी शिकायला गेलेली आपली मुलं 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांनी परत आली. त्यांत विदर्भातलीही होती. त्या दिवसांत नागपुरात बर्डीच्या चहाटपरीवर आणि घरोघरी जेवताना एकच वाद चालायचा: भारताने उघड बाजू घ्यावी की नाही? दुसऱ्याच्या भांडणात आपण कशाला पडायचं, हा सूर मोठा होता. मला तेव्हापासून डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकरांची आठवण करून द्यावीशी वाटते आहे. नागपूरचे डॉक्टर, काँग्रेसचे कार्यकर्ते. १९३८ साली, वय साठीकडे झुकलेलं असताना, ते चीनमध्ये जखमींवर इलाज करायला गेले. चीनवर जपान चालून गेला होता. भारत तेव्हा स्वतःच गुलाम होता. परराष्ट्र खातं नाही, सैन्य आपलं नाही, पासपोर्टसुद्धा इंग्रजांच्या मर्जीवर.

भारताने चीनला तेव्हा दिलेल्या पाठिंब्याचं मोल कळायला आधी हे ध्यानात घ्यायला हवं की आपल्याकडे जपानबद्दल मनापासून कौतुक होतं. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवलं तेव्हा एका आशियाई देशाने युरोपीय सत्तेला लोळवलं, या आनंदात इथल्या एका अख्ख्या पिढीचं राजकारण घडलं. जपानवर राग धरायचं कारणच नव्हतं. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया गिळला, तेव्हा कुजबुज सुरू झाली. ७ जुलै १९३७ ला पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर गोळीबार झाला आणि तिथून उघड युद्ध पेटलं. नोव्हेंबरमध्ये शांघाय पडलं, १३ डिसेंबरला राजधानी नानकिंग पडली आणि तिथे नागरिकांची जी कत्तल झाली तिच्या बातम्यांनी जग हादरलं.

काँग्रेसने मात्र नानकिंगची वाट पाहिली नव्हती. ऑक्टोबर १९३७ मध्ये कलकत्त्याला भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने चीनवरच्या आक्रमणाचा निषेध केला, चिनी जनतेला सहानुभूती कळवली आणि भारतीयांनी जपानी माल वापरू नये असं आवाहन केलं. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुऱ्याला सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना हीच भूमिका पुन्हा मांडली गेली. त्याच्या दोन वर्षं आधी, इटलीने ॲबिसिनिया (आजचं इथिओपिया) घेतलं तेव्हाही काँग्रेसने देशभर 'ॲबिसिनिया दिन' पाळला होता. म्हणजे चीनचा ठराव हा एकदाचा उमाळा नव्हता. चालून जाणारा कोण आणि कोणत्या खंडातला हे न बघता, ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्या बाजूने उभं राहायचं, अशी सवय लावून घेणं चाललं होतं. तिच्यामागचा मोठा हात जवाहरलाल नेहरूंचा.

ठराव करणं सोपं असतं. या ठरावाची झळ कोणाला लागणार होती, ते आपल्या भागात राहून चटकन कळतं. हा पऱ्हाटीचा मुलूख. वऱ्हाड आणि नागपूरकडचा आखूड धाग्याचा कापूस जगाच्या बाजारात 'उमरा' या नावाने विकला जायचा. हे नाव उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून पडलेलं. आणि त्या काळात भारतीय कापसाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं जपान. जपानी कंपन्यांचे खरेदीदार वऱ्हाडातल्या बाजारांपर्यंत पोचलेले होते. १९३३ मध्ये भारत सरकारने जपानी कापडावर जबर जकात बसवली, तेव्हा जपानच्या गिरणीवाल्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार टाकला. पुढच्या वर्षी तडजोड झाली: जपानने वर्षाला दहा लाख गाठी घेतल्या तर त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड भारतात विकता येईल, आणि पंधरा लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार. शेतकऱ्याचा कापूस आणि जपानचं कापड एकाच तागडीच्या दोन पारड्यांत बसवून ठेवलेलं होतं.

आता या व्यवस्थेत 'जपानी माल घेऊ नका' म्हणण्याचा अर्थ पाहा. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ पासून नागपुरात सुरू होती. जोडीला मॉडेल मिल. स्वस्त जपानी कापड बाजारातून हटलं तर गिरणीचा फायदाच. पण जपानने गाठी उचलल्या नाहीत तर जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात रुई पडून राहणार, अडत्या भाव पाडणार आणि कास्तकार मरणार. शिवाय १९३७ च्या युद्धासाठी पैसा वाचवायचा म्हणून जपानने स्वतःच आयातीवर निर्बंध घातले होते आणि भारतातली कापूसखरेदी घटवली होती. बहिष्काराची हाक आली ती अशा पडत्या हंगामात. मुंबईच्या सभेत चीनचा जयजयकार करणाऱ्याला जो हिशेब मांडावा लागत नव्हता, तो इथल्या माणसाला मांडावा लागत होता. या भागातल्या कार्यकर्त्यांनी तरीही तो ठराव आपला म्हटला, याचं मला आजही मोठं वाटतं.

वाद झाले नाहीत असं नाही, आणि ते होणं स्वाभाविकच होतं. टोकियोत राहणारे क्रांतिकारक रासबिहारी बोस यांचा आग्रह होता की भारतीय नेत्यांनी जपानविरोधी प्रचार थांबवावा. इंग्रजांशी लढायचं तर जपान आपला मित्र, हे त्यांचं गणित. १९३८ च्या उन्हाळ्यात जपानी कवी योने नोगुची यांनी रवींद्रनाथ टागोरांना पत्र लिहून हे युद्ध आशियाच्या भल्यासाठी आहे असं पटवायचा प्रयत्न केला. टागोरांनी त्यांना सविस्तर उत्तर दिलं आणि 'आशियासाठी' म्हणून आशियाई माणसांवरच बॉम्ब टाकणाऱ्या या तर्काला साफ नकार दिला. जपानवर त्यांचं प्रेम होतं, नोगुचींशी जुनी ओळख होती, म्हणून तो नकार जड होता. सुभाषबाबूंनीही ऑक्टोबर १९३७ मध्ये एका लेखात जपानच्या कर्तृत्वाला दाद दिली होती आणि त्याच लेखात विचारलं होतं की चीनचे तुकडे न पाडता हे साधता आलं नसतं का. पुढे तेच जपानच्या मदतीने लढले हे आपण जाणतो. पण १९३८ मध्ये चीनला डॉक्टर पाठवण्याचं काम अध्यक्ष म्हणून त्यांनीच पुढे रेटलं.

हे काम सुरू झालं एका पत्राने. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी २६ नोव्हेंबर १९३७ ला शान्सी प्रांतातून नेहरूंना लिहिलं: चीनसाठी तुम्ही सभा घेता त्याबद्दल आभार, पण आम्हाला औषधं, शस्त्रक्रियेची हत्यारं आणि ती चालवणारे हात हवे आहेत. हे पत्र लिहायला सुचवलं ॲग्नेस स्मेडली या अमेरिकन पत्रकर्तीने. भारताच्या क्रांतिकारकांशी तिचं जुनं नातं होतं; बर्लिनमध्ये ती सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यासोबत राहिली होती.

३० जून १९३८ ला सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केलं. ७ ते ९ जुलै हे दिवस चीन निधीसाठी ठरले आणि सुमारे बावीस हजार रुपये जमले. नागपूर मात्र त्या महिन्यात वेगळ्याच वादळात होतं. मध्यप्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधान (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा असंच म्हणत) डॉ. ना. भा. खरे यांनी २० जुलैला राजीनामा दिला, नवं मंत्रिमंडळ बनवलं, आणि वर्ध्याला सुभाषबाबूंच्याच अध्यक्षतेखाली बसलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना दोषी ठरवलं. महिनाअखेरीस त्यांच्या जागी रविशंकर शुक्ल आले. महालात आणि धंतोलीत माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतील इतका तो कडवटपणा होता. मराठी विरुद्ध हिंदी, नागपूर विरुद्ध महाकोशल, गांधींचा माणूस विरुद्ध स्वतःचा माणूस. शहर स्वतःच्याच भांडणात इतकं गुंतलेलं असताना चोळकर परदेशी जखमींसाठी सामान बांधत होते.

एक गोष्ट ओघात सांगतो. नागपूरच्या तेव्हाच्या राजकारणात डॉक्टरच डॉक्टर दिसतात: मुंजे, हेडगेवार, खरे, चोळकर. त्यातले मुंजे तरुणपणी बोअर युद्धात वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले होते. चौघांचे रस्ते पुढे इतके वेगळे झाले की आज त्यांची नावं एका दमात घेताना लोक बिचकतात.

पथकात पाच जण होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन मोहनलाल अटल. ते स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने काम करून आलेले. उपप्रमुख चोळकर. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, वय अवघं सत्तावीस. कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी आणि डॉ. विजयकुमार बसू. बसूंच्या जागी आधी दुसरेच डॉक्टर जायचे होते; त्यांच्या राजकारणामुळे इंग्रजांनी पासपोर्ट नाकारला. मुंबईच्या निरोपसमारंभात सरोजिनी नायडू बोलल्या. १ सप्टेंबर १९३८ ला 'राजपुताना' बोट निघाली. सोबत औषधांच्या पेट्या आणि एक ॲम्ब्युलन्स.

१७ सप्टेंबरला ते कॅन्टनला उतरले. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक दिवंगत सन यत्-सेन यांच्या पत्नी सूंग छिंग-लिंग स्वागताला आल्या होत्या. पाच आठवड्यांत ते शहर जपानच्या हाती गेलं. त्याच्या चार दिवसांनी हँकाऊही. पथक रुग्णालयांतून काम करत, हल्ल्यांपुढे मागे सरकत चुंगकिंगला पोचलं. तिथे शांतिनिकेतनच्या तान युन-शान यांनी प्रत्येकाला चिनी नाव दिलं आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' म्हणजे चीन हे अक्षर ठेवलं. कोटणीसांना वडील वारल्याची बातमी तिथेच मिळाली. ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक कम्युनिस्टांच्या येनानला पोचलं. मे महिन्यात माओंनी नेहरूंना आभाराचं पत्र लिहिलं.

चोळकर १९३९ मध्येच भारतात परतले. मुखर्जीही आजारामुळे परतले, पुढच्या वर्षी अटल. बसू १९४३ पर्यंत राहिले. कोटणीस आघाडीजवळच्या बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले, तिथल्याच क्वो छिंग-लान यांच्याशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने गेले. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला, चीनमध्ये पुतळे उभे राहिले. ते त्यांच्या वाट्याचंच होतं. पण कोटणीसांचं नाव घेताना आपण नागपूरकर त्या बोटीवरच्या दुसऱ्या मराठी माणसाला विसरतो, याची मला खंत आहे. तरुणाने धाडस करणं आपल्याला समजतं. दवाखाना जमलेला, वय झालेलं, घरी बसलं तरी कोणी नावं ठेवणार नाही अशी सगळी कारणं हाताशी असलेला माणूस उठून जातो, त्याचं काय?

चीनचा प्रश्न पुढे आपल्या अगदी दाराशी आला. सेवाग्राम आश्रमात निचिदात्सु फुजी या जपानी भिक्षूंच्या परंपरेतले एक भिक्षू राहत. सकाळी त्यांचा ढोल आणि 'नम्यो हो रेंगे क्यो' हा मंत्र ऐकू यायचा. तो मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत सामील झाला. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरताच सरकारने त्या भिक्षूला उचललं. तरी गांधीजींची भूमिका हलली नाही. १८ जुलै १९४२ ला सेवाग्राममधून त्यांनी जपानी जनतेला उद्देशून लिहिलं. त्यात या भिक्षूची प्रेमाने आठवण आहे, आणि त्याच मजकुरात चीनवरचं आक्रमण अकारण असल्याचं आणि भारतात याल तर स्वागत होईल या भ्रमात राहू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. माणसावर प्रेम आणि त्याच्या देशाच्या आक्रमणाला विरोध हे दोन्ही इतक्या सरळपणे एकत्र मांडलेलं मी फार कमी वाचलं आहे.

त्याच्या चार दिवस आधी, १४ जुलैला, वर्ध्याच्या कार्यकारिणीने इंग्रजांनी भारतातून जावं असा ठराव केला. त्यातही चीन आहे: या मागणीमुळे चीनवरचा जपानचा दाब वाढावा अशी काँग्रेसची इच्छा नाही, असं त्यात लिहून ठेवलं. स्वतःची बेडी तोडताना दुसऱ्याच्या बचावाला धक्का लागू नये ही चिंता त्यामागे होती. महिन्याभराने, १६ ऑगस्टला, चिमूर आणि आष्टीला 'चले जाव'च्या उठावात जे रक्त सांडलं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

मग २० ऑक्टोबर १९६२. त्या दिवशी चिनी फौजा सीमेवर चालून आल्या आणि नागपुरातल्या बायकांनीही देशभरातल्या बायकांसारखे हातातले, गळ्यातले दागिने संरक्षण निधीत घातले. यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, चांद्याचे मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. चीनसाठी कधी काळी निधी गोळा केला होता, हे सांगायची ती वेळ नव्हती. चोळकरांचं नाव मागे पडण्यात या युद्धाचाही वाटा असणार. पण १९६२ मुळे १९३८ चूक ठरतं असं मी मानत नाही. १९३८ मध्ये चालून गेलेला जपान होता, १९६२ मध्ये चीन. डॉक्टरांनी ज्याच्या जखमा बांधल्या तो नानकिंगचा, हँकाऊचा माणूस होता.

१९६२ च्या त्या नोव्हेंबरात, आपल्या फौजा मागे हटत असताना, नेहरूंना अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींकडे विमानांची मदत मागणारी पत्रं लिहावी लागली. चू तेह तेव्हा चीनच्या राष्ट्रीय लोकसभेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष होते. शान्सीतून औषधं आणि डॉक्टर मागणारं त्यांचं पत्र नेहरूंनी जपून ठेवलं होतं. चार वर्षांपूर्वीच, १९५८ मध्ये, त्यांनी ते आपल्या जुन्या पत्रांच्या संग्रहात छापलं होतं.