टीटोटलर आणि चहा: संबंध किती?

‘टीटोटलर म्हणजे दारूऐवजी फक्त चहा पिणारा, म्हणून टी’ हा मेसेज बरीच वर्षे फिरतो आहे. तो पटतोही, कारण देवनागरीत चहाचा ‘टी’ आणि अक्षर ‘टी’ सारखेच दिसतात. टीटोटलर म्हणजे दारू अजिबात न पिणारा माणूस, हे खरे. पण या शब्दातला टी चहाचा नाही.

कोणत्याही इंग्रजी शब्दकोशात स्पेलिंग बघा: टी-ई-ई. चहाचे टी-ई-ए. इथला टी म्हणजे ‘टोटल’चे पहिले अक्षर, जोर देण्यासाठी दुहेरी केलेले. आपण ‘पूर्णच्या पूर्ण’ म्हणतो ना, तसे.

हा जोर कशासाठी, ते समजून घेण्यासारखे आहे. सुरुवातीच्या दारूविरोधी शपथा बहुधा जिन, रम, ब्रँडी अशा कडक दारूपुरत्या असत, बिअर चालायची. बिअर पिऊनही माणसे झिंगतात आणि घरे बुडतात, हे दिसत होतेच. इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावात 1832 साली काहींनी बिअरसकट सगळे सोडण्याची शपथ घेतली. 1833 मध्ये तिथल्याच एका कामगाराने भाषणात अर्धवट नको, ‘टीटोटल’ हवे, असे ठासून सांगितल्याचे मानतात. तो बोलताना अडखळला म्हणून टी दोनदा आला, असेही काही सांगतात. ‘टीटोटली’ हा ‘अगदी पूर्णपणे’ अशा अर्थाचा शब्द मात्र त्याआधीच अमेरिकेत छापला गेला होता, दारूशी संबंध नसताना.

गैरसमजाला आणखी खतपाणी मिळाले ते या चळवळीच्या चहापानाच्या मोठ्या मेळाव्यांमुळे. ते खरेच होत. पण कॉफी, ताक, सरबत पिणारा आणि चहाला न शिवणारा माणूसही टीटोटलरच.