काठी ‘स्मार्ट’ झाली म्हणून रस्ता कळत नाही: अडथळा ओळखणं वेगळं, वाट सापडणं वेगळं

अंध व्यक्तींसाठी काहीतरी बनवणाऱ्या नव्या स्टार्टअपची बातमी आली की फोटोत बहुतेक वेळा एक काठी असते, काठीवर सेन्सर, आणि खाली लिहिलेलं असतं की आता अंध माणूस कुठेही एकटा फिरू शकेल. हॅकेथॉनमध्ये तेच, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये तेच, बूट झाले, चष्मा झाला, पट्टा झाला, टोपी झाली, सगळ्यावर तोच सेन्सर लावून झालाय. सेन्सरबद्दल माझी तक्रार नाहीये. पण अडथळा ओळखणं आणि वाट सापडणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिलं करणारी वस्तू दुसरं करते असं सांगून विकतात ना, त्याचा आता खरंच वैताग आलाय.

सेन्सरचं बहुतेकांना माहितीये, म्हणून पटकन सांगते. माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा, तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं, जवळ काही आलं की काठीची मूठ थरथरते. कल्पना जुनी आहे, लेस्ली के यांचा अल्ट्रासॉनिक टॉर्च 1960 च्या दशकातला. याचा खरा उपयोग आहे तो गुडघ्याच्या वरच्या गोष्टींसाठी, म्हणजे झाडाची फांदी, उघडी खिडकी, ट्रकचा मागचा भाग, कारण काठी खालून जाते आणि हे थेट तोंडावर येतं. आयआयटी दिल्लीत तयार झालेली स्मार्टकेन नेमकं हेच करते आणि म्हणून ती मला आवडते, ती साध्या काठीवरच बसते आणि काठीचं काम काठीलाच करू देते. उतरत्या पायरीचा किंवा खड्ड्याचा भरवसा मात्र असल्या सेन्सरवर ठेवू नका, तिरक्या पृष्ठभागावरून आवाज पलीकडे निघून जातो, परत येतच नाही. तिथे काठीचं टोकच पाहिजे.

आता खरा घोळ. डोळस इंजिनिअर डोळ्यांवर पट्टी बांधतो, चार पावलं चालतो, टेबलाला धडकतो आणि ठरवून टाकतो की अंध माणसाची अडचण म्हणजे धडकणं. मग तो असं यंत्र बनवतो की कशाला काही लागायलाच नको. पण काठी नीट शिकलेल्या माणसासाठी काठी लागणं ही चूक नाहीच, ती माहिती आहे! दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी लांब काठीचं तंत्र बसवलं. काठी साधारण छातीपर्यंत येईल एवढी, डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे टेकतं, उजवा पडताना डावीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. अनोळखी कॉरिडॉरमध्ये हे बघा एकदा, काठी भिंतीला टक टक लागत चाललीये, मधेच लागायची थांबते म्हणजे दार उघडं आहे किंवा वळण आलं, टोकाखाली फरशी संपून पायपुसणं लागतं म्हणजे दारापाशी आलो, पावलांचा आवाज बदलतो म्हणजे समोर मोठा हॉल आहे. त्या माणसासाठी ती भिंत म्हणजे धरून चालायची रेघ. सेन्सरसाठी तीच भिंत नुसता अडथळा, तो थरथरून थरथरून बाजूला व्हायला सांगतो, माणूस भिंत सोडून हॉलच्या मधोमध जातो आणि तिथे धरायला एकही खूण नसते. धडकला कशालाच नाही. हरवला मात्र पक्का.

वाट सापडायला वेगळंच काहीतरी कळावं लागतं: मी आत्ता कुठे आहे, माझं तोंड कुठल्या दिशेला आहे, जायचंय ते ठिकाण इथून कुठल्या अंगाला. अंतर मोजणारा सेन्सर यातलं काहीच सांगत नाही. फोनचं जीपीएस सांगतं, पण मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साधारण 5 मीटरचा फरक धरून चालायचा, उंच इमारतींमध्ये सिग्नल आपटून येतो तेव्हा आणखी जास्त, आणि आत शिरलात की जवळजवळ संपलंच. डोळस माणसाला 5 मीटर म्हणजे काहीच नाही, मान वर केली की पाटी दिसते. न दिसणाऱ्याला तेच 5 मीटर म्हणजे शेजारच्या इमारतीचं दार किंवा रस्त्याची पलीकडची बाजू. अॅप ‘तुम्ही पोहोचलात’ म्हणून गप्प होतं आणि दार शोधायचं काम तिथून सुरू होतं. त्यात जागेवर उभं असताना जीपीएसला तुमचं तोंड कुठे आहे ते कळत नाही, कंपासवर विसंबावं लागतं, आणि फोन खिशात आडवा असेल किंवा आसपास लोखंड असेल तर तोही चुकतो.

मला वाटतं खरी नवी कामं या शेवटच्या काही मीटरांवर चाललीयेत आणि बातम्या मात्र काठीच्याच येतात. मायक्रोसॉफ्टचं साउंडस्केप हे अॅप 2018 ला आलं, ते डावीकडे वळा उजवीकडे वळा असं सांगत बसायचं नाही, जायचंय त्या बाजूने कानात आवाज यायचा आणि वळलात की आवाजही सरकायचा. 2023 ला कंपनीने ते बंद केलं पण कोड सगळ्यांसाठी खुला केला हे चांगलं झालं. स्पेनच्या नॅव्हिलेन्सचे रंगीत चौकोनांचे कोड फोन लांबून आणि नेम न धरता वाचतो, बार्सिलोनाच्या मेट्रोत ते लावलेत, आणि न दिसणाऱ्याला कोड कुठे आहे हेच माहीत नसतं त्यामुळे नेम न धरणं हीच तर त्यातली हुशारी. बी माय आइज या अॅपवर 2015 पासून स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर बघून सांगतात, आयरा नावाच्या तशाच सेवेकडे त्यासाठी ट्रेनिंग दिलेली माणसं असतात, दार नेमकं कुठेय हे सांगायला मला अजून तरी माणूसच जास्त भरवशाचा वाटतो.

उलट बाजूनेही तेच आहे, नेव्हिगेशन अॅपला उघडं गटार दिसत नाही. त्यामुळे ‘आता काठीची गरज नाही’ हे वाक्य कुठल्याही जाहिरातीत दिसलं की मी पुढे वाचत नाही. किंमत, बॅटरी, ब्लूटूथ हे फरक आहेतच पण ते डबा बघूनही कळतात. इअरफोनचं तेवढं बघा, कान बंद होणार असतील तर ते नको, गाड्यांचा आवाज ऐकूनच रस्ता ओलांडायचा असतो, हाडातून आवाज देणारे घ्या.

दोन्ही कामं एकत्र करायचा प्रयत्न होतोय, साउंडस्केपवर काम केलेले आमोस मिलर, जे स्वतः अंध आहेत, त्यांच्या ग्लायडन्स या कंपनीने ग्लाइड नावाचं दोन चाकांचं उपकरण काढलंय, माणूस ढकलतो आणि ते स्वतः वळून दिशा देतं. पण ते असो किंवा दुसरं कुठलं, डेमो बघताना ओळखीच्या खोलीत खुर्च्या मांडून त्या चुकवून दाखवल्या तर तिथे फक्त पहिल्या कामाची परीक्षा झालीये. अंध व्यक्तीला कधीही न गेलेल्या इमारतीच्या बाहेर उभं करा, हातात साधी काठी आणि ते नवं यंत्र द्या, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या अमुक खोलीत जायला सांगा, मग बघा ते यंत्र कुठे गप्प होतं.