फूड मॉलला टायरची हवा सोडू नका

'उन्हाळ्यात एक्स्प्रेसवेवर टायर तापून फुटतो, म्हणून फूड मॉलला थांबलात की थोडी हवा सोडा,' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. हेतू चांगला, पण परिणाम उलटा.

टायर तापल्यावर आतली हवा प्रसरण पावते आणि दाब वाढतो, हे खरंच. पुण्यात सकाळी ३३ पीएसआय भरलेला टायर खालापूरला ३७ दाखवू शकतो. गाडी कंपनीने ही वाढ आधीच हिशेबात धरलेली असते. हवा सोडली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्या दबण्यानेच आणखी उष्णता तयार होते आणि आतले थर सुटू लागतात. सलग वेगात टायर फुटण्याचं हे एक मोठं कारण. शिवाय हवा सोडून ३७ वरून ३३ वर आणलेला तोच टायर गार झाल्यावर २९ वर येतो!

पडताळा सोपा आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा; टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो धरू नका. गाडी किमान तीन तास उभी असताना, निघण्यापूर्वी मोजा. सामान आणि माणसं भरलेली असतील तर स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा घ्या. फूड मॉलला पुन्हा मोजा: तीन-चारने वाढ दिसली तर काहीच करायचं नाही. एकच टायर बाकीच्यांपेक्षा कमी दाखवत असेल, तर मात्र पंक्चर तपासून घ्या.