पुढच्या भागांनी गेमचा धंदा बुडतो?

सांगलीच्या विश्रामबागेत भडंगाचा पुडा फुटला की कुणीतरी सुरू करतंच, "एकाच व्हिडिओ गेमचे भाग काढून काढून धंदा बुडणार. 1983 ला अमेरिकेत बुडालाच होता!"

बुडाला होता, खरंय. पण पुढच्या भागांमुळे नव्हे. कुणीही उठावं आणि अटारीच्या घरगुती गेमयंत्रासाठी गेमचं कार्ट्रिज काढावं, असा सुमार मालाचा पूर आला. दुकानदारांनी तो मिळेल त्या भावाला काढून टाकला. उलट 1987 चा पहिला 'स्ट्रीट फायटर' आज कुणाला आठवतो? गाजला तो 1991 चा दुसरा.

घाई मात्र नडते. प्लास्टिकची गिटार घेऊन खेळायच्या 'गिटार हीरो'चे भाग इतके धडाधड आले, की 2011 मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने त्याचा विभागच बंद केला. प्लास्टिकच्या गिटारी माळ्यावर ठेवून ठेवून माणूस किती ठेवणार?